चौथा स्लॉट

झाकणाचे स्क्रू काढून अफरोजाने ते दोन्ही हातांनी अलगद उचलले, तेव्हा आतून जुन्या धुळीचा आणि त्याखाली दबलेला कसलासा तेलकट, गोडसर वास आला. शरयू देवस्थळी किंचित मागे सरकल्या. वास ओळखीचा होता. कशाचा, ते मात्र आठवेना.

"घाबरलात होय काकू? चावत नाही तो," अफरोजा हसली.

डॉ. अफरोजा मुजावर कोल्हापूरच्या यंत्रवारसा केंद्रात जुन्या संगणकांचा विभाग सांभाळत असे. टेबलावर ठेवलेले यंत्र एकोणीसशे ऐंशीच्या दशकातले, घरी वापरायचे. परदेशी नमुन्यावरून इकडे जोडून विकलेल्यांपैकी एक. कळफलक त्याच्या अंगातच होता आणि मूळचा बदामी रंग माळ्यावर राहून पिवळट पडला होता.

"हे भंगारवालासुद्धा घेत नव्हता, मावशी. मी विचारून पाहिलं होतं," खिडकीशी उभा असलेला पराग म्हणाला. सांगलीतला हा पन्नाशी ओलांडलेला वकील शरयूच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. शरयूने त्याला वाढवले, त्याच्या वडिलांशी लग्न केले. तरी तो तिला मावशीच म्हणत आला होता.

"वकीलसाहेब, ऐकतोय तो," अफरोजा म्हणाली. "मग चालू व्हायचा नाही, तुमच्यामुळं."

यंत्राच्या पोटात मागच्या बाजूला लांबट खाचांची रांग होती. त्या स्लॉटमध्ये अधूनमधून हिरवी कार्डे उभी खोचलेली होती. यंत्राला जे मुळात येत नाही, ते त्याला शिकवण्यासाठी ही कार्डे घालत. अफरोजाने आपल्या उपकरणाची वायर जोडली.

"प्रत्येक स्लॉटला पत्ता असतो. त्या पत्त्यावर हाक मारायची. कार्ड असेल तर ते आपली खूण सांगतं." पडद्यावर ओळी उमटू लागल्या. "पहिल्यात प्रिंटरचं कार्ड. दुसऱ्यात जादा मेमरी, बॅटरीवर टिकणारी. हे चांगलं झालं. सहाव्यात फ्लॉपीचं. चौथा रिकामा."

"रिकामा कसा? त्याच्यासमोर पण काहीतरी अक्षरं आली की," पराग म्हणाला.

"ती बडबड असते. तिकडं लक्ष द्यायचं नाही. आणि पाचव्यात..." ती थांबली. पाचव्या स्लॉटमधले कार्ड कारखान्यात बनलेले नव्हते. त्यावरचे झाळकाम हाताचे होते, तारा जरा वाकड्या गेल्या होत्या. "हे खूण सांगत नाही. कुणी केलंय हे?"

"ह्यांनी," शरयू म्हणाल्या. "ताईच्या बोटासाठी."

अफरोजाने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मला ह्याच्यातलं एक उत्तर वाचून हवं आहे," शरयू म्हणाल्या. "एकच. ते ताईचं होतं की नाही, एवढंच."

*

मेमरीच्या चिपमध्ये माहितीचा प्रत्येक कण म्हणजे दोन बाजूंना झुकू शकणारा एक इवलासा तराजू असतो. वीज गेली की तो मोकळा होतो, माहिती पुसली जाते. निदान असे समजले जात होते. पण वर्षानुवर्षे एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसाचा गादीत खळगा पडतो, तसे त्या तराजूचेही होते. एकच माहिती दीर्घकाळ धरून ठेवली, की त्या बाजूचा धातू आणि स्फटिक किंचित थकतात. नंतर कधीही वीज दिली तर पहिल्या क्षणी तो कण आपल्या जुन्या कुशीवर वळू पाहतो. हा कल मोजण्याइतके नाजूक उपकरण तीनेक वर्षांपूर्वी तयार झाले आणि त्याचे मराठीतले नाव कलवाचक असे रूढ झाले. यंत्राने क्षणभर जे जपले ते त्याला सापडत नसे. जे सर्वांत जास्त काळ जपले, तेच सापडे.

न्यायालयांनी असा पुरावा मानायला नकार दिला, पण लोकांचे माळे रिकामे होऊ लागले. इस्लामपुरातल्या एका कुटुंबाला वडिलांच्या यंत्रात त्यांच्या दुसऱ्या संसाराचा मागमूस लागला. एका बाईंना आपल्या मृत मुलाने अर्धवट सोडलेले गणित मिळाले आणि त्यांनी ते चौकटीत बसवून घेतले. अफरोजाने दोन्ही घरची माणसे पाहिली होती. म्हणून ती प्रत्येकाला आधी विचारत असे, "जे निघेल ते ऐकायची तयारी आहे का?"

शरयूंनी मान हलवली होती. त्यांचे यजमान अच्युत देवस्थळी गेल्या वर्षी वारले. ते असेपर्यंत हा प्रश्न घरात कुणी उच्चारला नाही. आता उच्चारायला हरकत घेणारे कुणी नव्हते, आणि शरयूंच्या हातीही फार वर्षे उरली नव्हती.

हेमांगी, त्यांची हेमाताई, पराग तीन वर्षांचा असताना एका सकाळी न्हाणीघरात कोसळली. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला होता. शुद्धीवर आली तेव्हा तिचे डोळे पाहत होते, कान ऐकत होते. पण उजव्या हाताच्या तर्जनीखेरीज शरीराचा कुठलाच भाग तिचे ऐकत नव्हता. अच्युत तेव्हा सांगलीत अभियांत्रिकी शिकवत. सुट्टीभर खपून त्यांनी हे कार्ड बनवले. त्याला जोडलेले बटण ताईच्या बोटाखाली बसवले. पडद्यावर वर्णमालेच्या ओळी असत: स्वर, क-ओळ, च-ओळ, अशा एकाखाली एक, शेवटी मात्रा. उजेडाची पट्टी एकेका ओळीवरून खाली सरके. हवी ती ओळ आली की ताई बटण दाबे. मग पट्टी त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरके. ताई पुन्हा दाबे. एक अक्षर उमटायला श्वासामागून श्वास जात. तिचे पहिले वाक्य होते: 'वरणात मीठ नाही.' त्या दिवशी सगळे घर हसले होते आणि रडलेही होते.

यंत्र एरवी कधी बंद होत नसे. वीज जाईल म्हणून ताईच्या खाटेखाली मोटारीच्या बॅटऱ्या ठेवलेल्या होत्या.

शरयू तेव्हा सव्वीस वर्षांची. बहिणीच्या मदतीला म्हणून आली होती. बंगळुरूला वनस्पतिशास्त्रात संशोधनाची जागा मिळाली होती, ती तिने वर्षभर पुढे ढकलली होती. त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर ताईचे लिहिणे एकाएकी बिघडले. पडद्यावर अक्षरांचा नुसता चुरा येऊ लागला. डॉक्टरांनी तपासले आणि बाहेर येऊन हलक्या आवाजात सांगितले, आणखी एखादा बारीक रक्तस्राव झाला असावा, बुद्धी मंदावत चालली आहे. अच्युतने मग सोपा कार्यक्रम लिहिला. आपण प्रश्न टाइप करायचा, खाली दोनच शब्द: हो, नाही. ते मात्र ताईला जमले. ती उत्तरे देई, बहुतेक वेळा 'हो'च. फार समजूतदार झाली आहे, असे येणारेजाणारे म्हणत. कशालाही नाही म्हणत नाही.

बंगळुरूहून शेवटचे विचारणे आले, तेव्हा शरयूने यंत्रापुढे बसून टाइप केले होते: 'ताई, तुझ्यामागे मी ह्याच घरात राहू? परागला सांभाळू? भावजींशी लग्न करू?'

पडद्यावर 'हो' उजळले होते.

तो प्रश्न आणि ते उत्तर तिने पुसू दिले नाही. वेगळ्या जागी साठवून ठेवले. दीड वर्षाने ताई गेली, पुढल्या वर्षी लग्न झाले. पराग मोठा झाला. संसार चांगला झाला. वाईट म्हणण्यासारखे काही नव्हते. पण ताईच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले की शरयूला दर वेळी वाटे, तिची बुद्धी जर खरेच मंदावली होती, तर ते 'हो' कुणाचे धरायचे?

*

अफरोजाचा निरोप आला तेव्हा शरयू एकट्याच केंद्रात आल्या. परागला कोल्हापुरात कोर्टाचे काम होते. तो दुपारनंतर न्यायला येणार होता.

"बसा काकू. चहा सांगू?"

"आधी सांग. मग चहा गळ्याखाली उतरतो का पाहू."

अफरोजाने खुर्ची जवळ ओढली. "तुमचं 'हो' सापडलं. जसंच्या तसं, प्रश्नासकट. जादा मेमरीच्या कार्डात होतं. ते पडद्यावर आलं होतं, ह्यात शंका नाही."

शरयूंनी डोळे मिटले.

"पण काकू, ते कुणी म्हटलं हा प्रश्न राहतो. ह्या मेमरीत काकांचा कार्यक्रमही होता. तो बोटाचं बटण कुठं पाहतो माहिती आहे? चौथ्या स्लॉटमध्ये. आणि त्यांचं कार्ड पाचव्यात आहे."

"हे आमच्याकडून झालं असेल. आणताना हललं असेल."

"मीही तेच धरून चालले होते. मग स्लॉटचे आतले दात भिंगाखाली पाहिले. चौथ्यात कार्ड अनेकदा घातल्याकाढल्याचे ओरखडे आहेत. पाचव्यात एकदाच, आणि मग तिथंच ते गंजलंय. आणि दोन्हीकडं हे मिळालं." तिने एक काचपट्टी उजेडासमोर धरली. पट्टीवर लालसर भुकटीचा ठिपका होता. "चौथ्यात थरावर थर. पाचव्यात एकच थर. मी तपासून घेतलं. कुंकू आहे. तेलात कालवलेलं."

तो वास आता शरयूंना नावासकट आठवला. दर अमावास्येला अच्युत यंत्र बंद करून उघडत, कार्डे एकेक काढून मऊ फडक्याने पुसत, प्रत्येकाला बोटाने कुंकू लावत आणि परत बसवत. कारागिराने हत्यारांची पूजा करावी, तशी ते ताईच्या वाचेची पूजा करत. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र ते परीक्षेच्या कामाला पुण्यात अडकले होते. पूजा चुकायला नको म्हणून शरयूने झाकण उघडले होते. झेंडूची माळ, गूळखोबरे, पाटावर ओळीने मांडलेली कार्डे. सगळी पुन्हा बसवली तेव्हा यंत्र सुरू झाले, पडद्यावर अक्षरे आली, आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. ताईचे लिहिणे बिघडल्यावर मग पूजा कुणी केलीच नाही, झाकण पुन्हा उघडले नाही.

"मी बसवलं ते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. "पण मग ते बंद पडायला हवं होतं ना! हे आले तेव्हा त्यांनी चालवून बघितलं होतं. म्हणाले, कार्ड गेलं असतं तर यंत्र गप्प बसलं असतं. हे तर उत्तरं देतंय."

"कुठल्याही इंजिनिअरला तसंच वाटलं असतं. पण ही जुनी यंत्रं गप्प बसत नाहीत, काकू." अफरोजा शब्द निवडून बोलू लागली. "रिकाम्या स्लॉटला विचारलं, तर तिथं उत्तर द्यायला कुणी नसतं. पण तारा मोकळ्या असतात. त्या तारांवरून त्याच क्षणी पडद्याचं चित्र रंगवणारी माहिती धावत असते. तिचाच एक कण वाचणाऱ्याच्या हाती लागतो. यंत्राला वाटतं, उत्तर मिळालं. ते असतं पडद्यावरचंच, त्याचंच त्याला परत आलेलं. आणि उजेडाची पट्टी ज्या शब्दावर असते त्याचा कण नेमका 'बटण दाबलं' ह्या खुणेसारखा दिसतो."

"मला समजेल असं सांग."

अफरोजा उठली. टेबलावरच्या यंत्रात तिने नव्या चिप घातल्या होत्या. कार्ड पाचव्या स्लॉटमध्येच होते. वायरीसकट बटण तिने दोघींना दिसेल असे टेबलाच्या मधोमध ठेवले आणि कळफलक शरयूंकडे सरकवला. "काहीही विचारा. बटणाला हात लावू नका."

शरयूंनी एका बोटाने टाइप केले: 'पंखा लावू?'

'हो' आणि 'नाही' हे शब्द खाली उमटले. उजेडाची पट्टी 'हो'वर आली, किंचित थरथरली आणि तिथेच थांबली.

'पंखा बंद करू?'

हो.

शरयूंचे हात थांबेनात. 'दुखतंय का?' हो. 'बरं वाटतंय?' हो. 'परागला तुझ्याजवळ झोपू देऊ?' नाही. 'ताई, तू आहेस?'

हो.

बटण टेबलावर तसेच पडून होते. खोलीत भर दुपारचा उजेड होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होते, आणि तरी शरयूंच्या अंगावर काटा आला. ह्याच आवाज नसलेल्या आवाजाशी त्या दीड वर्ष बोलल्या होत्या. त्याला त्यांनी सणावाराला काय नेसू विचारले होते. त्याच्यापाशी त्या रडल्या होत्या. त्याने त्यांना नवरा दिला होता.

"पुरे," अफरोजाने पडदा मालवला.

शरयूंनी कळफलक दूर सरकवला.

"म्हणजे डॉक्टर म्हणाले तेही..." शरयूंनी वाक्य अर्धे सोडले.

"त्याच्याबद्दलच एक वाचन उरलंय, काकू. ते ऐकलं नाही तरी चालेल. खरं सांगू? मी तुमच्या जागी असते तर ऐकलं असतं की नाही, मला सांगता येत नाही."

"तू ऐकलंस?"

"हो."

"मग तू एकटीनं का वागवायचं? बोल."

"काकांनी कार्डावर एक छोटी चिप घातली होती. यंत्र दुसरं काही करत असलं तर बटणाच्या दाबण्या ती धरून ठेवायची, मधल्या अंतरासकट. यंत्रानं वाचल्या की रिकामी व्हायची. पूजेनंतर यंत्र सुरू झालं आणि तिला कुणी विचारलंच नाही. ती भरली आणि तशीच राहिली. शेवटपर्यंत. त्यामुळं सगळ्या यंत्रात तिचा कल सगळ्यात खोल आहे." तिने समोर एक कागद ठेवला. "म्हणजे त्या दसऱ्यानंतर त्यांनी पहिल्यांदा जे म्हटलं, तेवढं आहे. पुढचं मावलं नाही."

"काय म्हटलं?" शरयूंनी विचारले.

"सुरुवातीच्या दाबण्यांना अर्थ नाही. पट्टी आपली आपण उड्या मारत होती, त्या तिच्यामागं धावत असाव्यात. मग मोठा खंड आहे. मला वाटतं त्यांनी पडद्याकडं पाहणं सोडून दिलं. आणि मग मनातल्या मनात ओळी मोजत, नेहमीच्या चालीनं, एकही न चुकता..." अफरोजाने समोरच्या कागदाकडे न पाहताच म्हटले, "'मुंगी मानेवर.'"

शेवंतीची वेणी. शरयूने पूजेतली वेणी ताईच्या केसांत माळली होती. त्या वर्षी नवमी आणि दसरा एकाच दिवशी आले होते; संध्याकाळी आपट्याची पाने द्यायला बायका आल्या, तेव्हा ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. सणाचे म्हणून भरून आले आहे, असे सगळ्यांना वाटले. शरयूने ते पदराने टिपले होते आणि विचारले होते, 'बरं वाटतंय ना, ताई?'

त्यांनी टेबलाची कड धरली. अफरोजा पाणी आणायला उठली, तर त्यांनी तिला हातानेच बसवले.

"तिला सगळं कळत होतं," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत सगळं कळत होतं, आणि आम्ही तिच्या समोर बसून त्या भोकाशी बोलत होतो."

*

पराग आला तेव्हा त्याच्या कोटाच्या बाहीवर पिठीसाखर होती आणि हातात पेढ्यांचा खोका. खटल्यात काहीतरी मनासारखे झाले असावे. दोघींचे चेहरे पाहून त्याने खोका दाराजवळच्या कपाटावर ठेवला.

"काय झालं?"

"मी सांगू का?" अफरोजाने विचारले.

"नको. मी सांगते." शरयूंनी सांगितले. कुंकू, चुकलेला स्लॉट, रिकाम्या तारा, 'हो', मुंगी. काही न वगळता, एकामागून एक. सांगताना त्या परागकडे पाहत होत्या, कारण लहानपणापासून त्याला एकच गोष्ट सांगितली गेली होती: तुझ्या आईनेच मावशीला राहायला सांगितले आहे. त्या एका वाक्यावर तो शाळेत गेला होता, तापात झोपला होता, आणि वडिलांच्या दुसऱ्या लग्नात त्याने नवे कपडे घातले होते.

पराग खिडकीपाशी गेला. मग साक्षीदाराला विचारावे तसे त्याने विचारले, "मावशी, त्या दिवशी 'नाही' आलं असतं तर?"

खोटे बोलणे सोपे होते. शरयूंना तो मोह दिसला आणि त्यांनी तो बाजूला सारला.

"गेले असते रे. बॅग भरलेली होती."

"आणि काहीच आलं नसतं तर?"

"थांबले असते थोडी. मग बहुतेक गेले असते." त्या उठून त्याच्याजवळ गेल्या. "तुझ्यावर माया नव्हती म्हणून नव्हे. मला ते काम हवं होतं. फार हवं होतं."

परागने मान डोलावली. रागावला आहे की काय, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. तो खुर्चीवर बसला आणि आपल्या उजव्या हाताचा तळवा उलटा करून पाहू लागला.

"मी शाळेतून आलो की आईजवळ बसायचो," तो म्हणाला. "तू स्वयंपाकघरात असायचीस. मी तिचं बोट बटणावरून काढून माझ्या हातात घ्यायचो. ते ती आपटायची. इथं, तळहातावर. टक, टक, टक करत राहायची. मग जरा थांबायची. मग एकदाच टक. पुन्हा थांबायची. मला वाटायचं, मला आकडे शिकवतेय. मी मोठ्यानं मोजायचो."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? खेळ होता तो आमचा." त्याने तळवा मिटला. "मला पाचपर्यंतच मोजता यायचं. ती त्याच्या पुढं जायची. म्हणून मी पुन्हा एकपासून सुरू करायचो, आणि ती थांबायची. मग तीही पुन्हा पहिल्यापासून."

अफरोजा यंत्राकडे वळली. केंद्राचा नियम असा, की वस्तू जशी मिळाली तशीच जपायची. पाचव्या स्लॉटमधले ते कार्ड हाच आता पुरावा होता. तिने वीज बंद केली, कार्ड धरले आणि शरयूंकडे पाहिले.

"चौथ्यात घाल," शरयू म्हणाल्या. "तुझी छायाचित्रं काढून झाली असतील ना? मग घाल."

कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये बसले. यंत्र पुन्हा सुरू झाले. पडद्यावर तोच प्रश्नाचा चौकोन आला, खाली हो आणि नाही. ह्या वेळी पट्टी कुठेच थबकली नाही. हो, नाही, हो, नाही; कुणी बटण दाबत नव्हते, म्हणून ती नुसतीच फिरत राहिली. तारांच्या टोकाशी आता खरेच कार्ड होते, आणि ते खरे तेच सांगत होते, की कुणी काही म्हणत नाही.

"हे नको," शरयू म्हणाल्या. "अक्षरांचं लाव. तिला आधी तेच दिलं होतं. ते काढून घ्यायला नको होतं आम्ही."

अफरोजाने कार्यक्रम बदलला. वर्णमालेच्या ओळी एकाखाली एक उमटल्या आणि पट्टी वरून निघाली. सावकाश, एका ओळीला एक श्वास. पहिल्या फेरीत ती खालपर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या फेरीत परागची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज झाला. तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. स्वर, एक. क-ओळ, दोन. च. ट. त-ओळीवर पाच झाले.

तिथे तो थांबला, लहानपणी थांबायचा तसा. पट्टी थांबली नाही. ती सहाव्या ओळीवर उतरली: प, फ, ब, भ, म.

शरयूंनी परागकडे पाहिले. त्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा पडला होता. पट्टी पुढे निघून गेली, खाली मात्रांपर्यंत उतरली, पुन्हा वर आली. त्याने टेबलाच्या मधोमध पडलेले बटण उचलून तळहातावर ठेवले आणि दुसऱ्या हाताची तर्जनी त्यावर धरली. सहावी ओळ आली तेव्हा त्याने ते दाबले. पट्टी ओळीतल्या पहिल्या अक्षरावर गेली. त्याने पुन्हा एकदाच दाबले.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात 'प' उमटला.

"मावशी," तो म्हणाला.

शरयूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या प्रश्नाचे उत्तर आता कधीच मिळणार नाही, हे त्यांना कळले होते. ताईने तो कधी वाचला असेल तरी तिला त्या वेळी दुसऱ्याच कुणाला हाक मारायची होती. पडद्यावर ते एकच अक्षर राहिले, आणि उजेडाची पट्टी पुढच्या अक्षरासाठी पुन्हा पहिल्या ओळीपासून निघाली.